एआयला नेमका आधार देता यावा म्हणून स्कीमा कसा लिहावा : किल्ले रायगडाच्या एका पानाचे उदाहरण

आमच्या दुर्गविषयक संकेतस्थळावर एक जुने पान होते. त्यात रायगड आणि राजगड या दोन्ही गडांची माहिती एकाखाली एक दिलेली होती आणि पानाच्या पत्त्यातही दोन्ही नावे रोमन लिपीत शेजारी-शेजारी होती. एके दिवशी एका वाचकाने एका एआय सहाय्यकाचे उत्तर आम्हाला पाठवले. संजीवनी माची रायगडावर आहे, असे त्यात ठामपणे लिहिले होते आणि खाली आधार म्हणून आमच्याच पानाचा दुवा होता. संजीवनी माची राजगडाची आहे हे गड फिरणारी शाळकरी मुलेही सांगतात, आणि आमच्या पानावरही ते बरोबरच लिहिलेले होते. मात्र कोणता परिच्छेद कोणत्या गडाविषयी आहे, हे ओळखायला यंत्राला लागणारी एकही खूण आम्ही त्या पानावर ठेवलेली नव्हती.

त्या पानाची आम्ही नव्याने मांडणी केली आणि तेव्हा जे शिकलो ते या लेखात क्रमाने लिहिले आहे. उदाहरण सगळीकडे रायगडाचे घेतले असले, तरी पाककृती, शेतीमालाची माहिती, संतसाहित्याचा कोश किंवा गावाच्या इतिहासाचे पान यांपैकी कशालाही हीच पद्धत लागू पडते. कोडातले इंग्रजी शब्द येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष पानावर ते रोमन लिपीतच आणि स्कीमा.ऑर्गवर दिलेल्या स्पेलिंगनेच लिहावे लागतात.

स्कीमा म्हणजे काय आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी

गूगल, मायक्रोसॉफ्टचे बिंग आणि याहू यांनी जून २०११ मध्ये स्कीमा.ऑर्ग हा सामाईक शब्दसंग्रह सुरू केला आणि त्याच वर्षी रशियाचे यांडेक्सही त्यात सामील झाले. पानावरचा मजकूर माणसासाठी असतो. त्याच पानाच्या कोडात ‘हा लेख आहे, त्याचा लेखक अमुक, विषय अमुक वास्तू, शेवटची दुरुस्ती अमुक दिवशी’ असे यंत्राला ठराविक शब्दांत सांगण्याची सोय या शब्दसंग्रहामुळे झाली. हे लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत : मायक्रोडेटा, आरडीएफए आणि जेसन-एलडी. पहिल्या दोन पद्धतींत खुणा मजकुरातच गुंफाव्या लागतात, तर जेसन-एलडी मजकुरापासून वेगळ्या एका स्क्रिप्टमध्ये लिहिता येते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जेसन-एलडीला २०१४ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली, त्याची १.१ ही आवृत्ती २०२० मध्ये आली आणि गूगलही याच पद्धतीची शिफारस करते. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसऱ्या कोणत्याही पद्धतीचा विचार करण्याचे कारण नाही.

आता अपेक्षेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या विषयावर विकल्या जाणाऱ्या सेवांमध्ये बरीच अतिशयोक्ती असते. गूगलच्या एआय उत्तरांत दिसण्यासाठी कोणताही खास स्कीमा लागत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात लिहिले आहे. मात्र जो स्कीमा असेल तो पानावर दिसणाऱ्या मजकुराशी जुळला पाहिजे, असेही तेथेच सांगितले आहे. एआय सहाय्यक उत्तर तयार करताना बहुधा आधी शोधयंत्राच्या सूचीसारख्या एखाद्या सूचीतून पाने निवडतो आणि मग त्या पानांतील मजकुराचे तुकडे वाचतो. पानातून निव्वळ मजकूर काढून घेताना काही यंत्रणा स्क्रिप्टमधला भाग टाकूनही देतात. म्हणून स्कीमाला मजकुराच्या जागी कधीही बसवू नये. मजकुरातली विधाने कोणाची, कशाविषयीची आणि कधीची आहेत, हे पक्के करणे हेच त्याचे काम आहे, आणि नावांचा गोंधळ असलेल्या विषयांत ते काम फार मोलाचे ठरते.

पहिली पायरी : पान यंत्रापर्यंत पोहोचते का, ते पाहा

स्कीमाचा विचार नंतर करा. आधी आपल्या संकेतस्थळाची रोबोट्स.टीएक्सटी ही फाइल उघडा; पाने वाचायला येणाऱ्या बॉटना, म्हणजे स्वयंचलित प्रोग्रॅमना, कोठे मुभा आणि कोठे मज्जाव आहे ते तिच्यात लिहिलेले असते. एकाच कंपनीचे बॉट वेगवेगळ्या कामांसाठी येतात, हे लक्षात घेऊन तिच्यातल्या ओळी वाचल्या पाहिजेत. ओपनएआयचा जीपीटीबॉट प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट शोधाच्या उत्तरांसाठी पाने पाहतो आणि चॅटजीपीटी-युजर हा वापरणाऱ्याने काही विचारल्यावर त्या क्षणी पान उघडतो. अँथ्रॉपिकचेही क्लॉडबॉट, क्लॉड-सर्चबॉट आणि क्लॉड-युजर असे वेगळे बॉट आहेत. आपले लेखन प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ नये, असे कोणाला वाटत असेल तर ती भूमिका पूर्णपणे रास्त आहे आणि त्यासाठी जीपीटीबॉट आणि क्लॉडबॉट अडवता येतात; मात्र त्याच भरात शोधासाठी येणारे बॉटही अडवले, तर उद्धृत होण्याची वाट आपणच बंद करतो. गूगलच्या बाबतीत ‘गूगल-एक्स्टेंडेड’ ही सूचना जेमिनीसाठी आहे. शोधनिकालांतल्या एआय सारांशावर नेहमीच्या गूगलबॉटचे आणि पानाचा उतारा दाखवू नका असे सांगणाऱ्या ‘नो-स्निपेट’सारख्या सूचनांचेच नियंत्रण चालते. एखाद्या जुन्या थीममध्ये नो-स्निपेट तशीच राहून गेलेली नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

रोबोट्स.टीएक्सटी स्वच्छ असूनही पान अडू शकते. संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या सेवेने जुलै २०२५ पासून नव्याने जोडल्या जाणाऱ्या संकेतस्थळांसाठी एआय बॉट सुरुवातीपासूनच अडवण्याचे धोरण जाहीर केले. आपले संकेतस्थळ अशा सेवेच्या आड असेल, तर त्या सेवेच्या पॅनेलमध्ये जाऊन कोणता बॉट अडवला आहे ते स्वतः तपासावे.

दुसरी तपासणी लिपीची आहे आणि मराठी संकेतस्थळांसाठी मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या मंडळांचे अंक, स्मरणिका आणि दुर्गविषयक पुस्तिका श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतात. पडद्यावर त्या सुंदर देवनागरी दिसतात, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन क्रम असतो. पीडीएफमधले एक वाक्य निवडून ते नोटपॅडमध्ये चिकटवा. तेथे देवनागरी उमटली नाही, तर पानातला मजकूर काढून वाचणाऱ्या यंत्रणेला त्यातला एक शब्दही कळणार नाही, मग वर कितीही स्कीमा लावा. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालून, मगच पानावर घ्यावा.

चित्रांतला मजकूरही याच गटात मोडतो. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’ हा शिलालेख आहे. आमच्या पानावर त्याचे छायाचित्र होते, पण त्या पाच शब्दांचे वाचन कोठेच टंकलेले नव्हते. छायाचित्राखाली वाचन लिहिले, आणि ग्रंथांत हेच नाव ‘हिरोजी इंदुलकर’ असे येते हेही लिहिले, तेव्हा कुठे ही माहिती शोधता येण्याजोगी झाली. त्यासोबत ‘इमेज-ऑब्जेक्ट’ या प्रकारात छायाचित्रकाराचे नाव, चित्राचे वर्णन आणि परवान्याचा दुवाही देता येतो.

दुसरी पायरी : एका पानाला एकच मुख्य विषय

आमची मूळ चूक येथेच होती. पानावर दोन गड असतील, तर ‘हे पान कशाविषयी आहे’ या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही आणि स्कीमातही ते देता येत नाही. आम्ही पान दुभंगले. रायगडाचे पान वेगळे केले, राजगडाचे वेगळे केले आणि दोहोंची तुलना करणारा छोटा लेख तिसऱ्या पानावर नेला.

मग मजकुराकडे वळलो. एआय पानाचे तुकडे करून वाचतो, त्यामुळे प्रत्येक परिच्छेद एकट्याने उचलला तरी त्याचा अर्थ लागला पाहिजे. ‘हा गड १६५६ मध्ये महाराजांनी घेतला’ असे वाक्य वेगळे काढले, तर कोणता गड ते कळत नाही. ‘जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्ये घेतलेल्या रायरीचे पुढे रायगड असे नामकरण झाले’ हे वाक्य मात्र स्वतःच्या पायावर उभे राहते. सर्वनामे कमी करून नावे पुन्हा लिहिल्याने मराठी वाक्य थोडे जड होते, हे मान्य आहे; म्हणून हे सर्वत्र न करता ज्या वाक्यात तारीख, आकडा किंवा ठाम विधान आहे तेथेच करावे.

तारखांच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण असते. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीला झाला आणि ती तारीख ६ जून १६७४ अशी सांगतात. सोहळा तारखेनेही होतो आणि तिथीनेही. पानावर दोन्ही नोंदी एकाच वाक्यात शेजारी-शेजारी लिहाव्यात, म्हणजे तिथीने विचारणाऱ्यालाही उत्तर मिळते आणि तारखेने विचारणाऱ्यालाही.

तिसरी पायरी : कोण बोलते आहे ते ठरवा

आता प्रत्यक्ष स्कीमा. पानाच्या कोडात एक स्क्रिप्ट असते आणि तिचा प्रकार ‘ॲप्लिकेशन/एलडी+जेसन’ असा लिहिलेला असतो. आत सुरुवातीला ‘ॲट-कॉन्टेक्स्ट’समोर स्कीमा.ऑर्गचा पत्ता असतो आणि त्यानंतर ‘ॲट-ग्राफ’ नावाची यादी. या यादीत आपण चार नोंदी करणार आहोत : संस्था, लेखक, लेख आणि किल्ला. प्रत्येक नोंदीला ‘ॲट-आयडी’ द्यायचा, म्हणजे कायम टिकणारी एक ओळख द्यायची. पानाच्या पत्त्यापुढे हॅशचे चिन्ह आणि एक शब्द लिहिला की ती तयार होते. एकदा ओळख दिली की दुसऱ्या नोंदीतून तिच्याकडे निर्देश करता येतो आणि तीच माहिती दहा ठिकाणी उतरवावी लागत नाही.

संस्थेच्या नोंदीत नाव, संकेतस्थळाचा पत्ता, बोधचिन्ह आणि ‘सेम-ॲज’ (म्हणजे ‘हीच ती’) खाली संस्थेची इतर अधिकृत पाने द्यावीत. नाव देवनागरीत लिहावे आणि रोमन रूप ‘अल्टरनेट-नेम’ मध्ये द्यावे.

लेखकाच्या नोंदीत बहुतेक मराठी संकेतस्थळे कमी पडतात. वर्डप्रेसवर लेख टाकणाऱ्याचे खाते ‘ॲडमिन’ या नावाने असते आणि स्कीमातही लेखक म्हणून ‘ॲडमिन’च छापले जाते. ज्या माणसाने वीस वर्षे गडांवर घालवली, कागदपत्रे चाळली, त्याचे नाव यंत्रापुढे येतच नाही. खात्याचे ‘दर्शनी नाव’ बदला, लेखकाचे एक स्वतंत्र पान करा, त्यावर त्याने काय अभ्यासले आहे ते दोन-तीन परिच्छेदांत लिहा आणि ‘पर्सन’ या नोंदीतून त्या पानाकडे दुवा द्या. ‘नोज-अबाउट’ या गुणधर्मात दुर्गस्थापत्य, मोडी लिपी, मराठ्यांचा इतिहास असे त्याचे खरोखरचे विषय लिहावेत. येथे एकही शब्द वाढवून लिहू नये. पदवी नसेल तर पदवी लिहायची नाही, अनुभव लिहायचा.

चौथी पायरी : लेखाची नोंद

रायगडाच्या पानाची आमची लेखनोंद साधारण अशी आहे :

ॲट-टाइप : आर्टिकल
ॲट-आयडी : पानाचा पूर्ण पत्ता, पुढे हॅश आणि ‘आर्टिकल’
हेडलाइन : किल्ले रायगड : इतिहास, वास्तू आणि जाण्याचा मार्ग
इन-लँग्वेज : एमआर
ऑथर : लेखकाच्या नोंदीचा आयडी
पब्लिशर : संस्थेच्या नोंदीचा आयडी
डेट-पब्लिश्ड आणि डेट-मॉडिफाइड : दोन्ही तारखा
अबाउट : किल्ल्याच्या नोंदीचा आयडी
मेन्शन्स : राजगड, छत्रपती शिवाजी महाराज, हिरोजी इंदुलकर
सायटेशन : ज्या साधनांवर लेख आधारलेला आहे त्यांचे दुवे

यातल्या तीन ओळींकडे विशेष लक्ष द्यावे. भाषेची ओळ दिसायला क्षुल्लक आहे, पण मराठी, हिंदी आणि नेपाळी या तिन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात आणि तोकड्या मजकुरावरून भाषा ओळखताना यंत्र चुकू शकते. मराठीसाठी ‘एमआर’ हे दोन अक्षरी चिन्ह आहे. कित्येक मराठी संकेतस्थळांच्या एचटीएमएलच्या पहिल्याच ओळीत वर्डप्रेसच्या मूळ मांडणीमुळे भाषा ‘अमेरिकी इंग्रजी’ अशी राहून गेलेली असते. स्कीमात मराठी आणि पानाच्या माथ्यावर इंग्रजी, ही विसंगती आधी दुरुस्त करावी. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडली की बहुतेक थीममध्ये ती आपोआप सुधारते.

‘अबाउट’ आणि ‘मेन्शन्स’ यांतला फरक हा माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा आहे. रायगडाच्या लेखात राजगडाचा उल्लेख येणारच, कारण राजधानी राजगडावरून रायगडावर आली. मात्र लेख राजगडाविषयी नाही. ज्याच्याविषयी लेख आहे ते ‘अबाउट’ मध्ये, आणि ज्याचा ओघात उल्लेख आहे ते ‘मेन्शन्स’ मध्ये. सगळी नावे एकाच ठिकाणी भरली, तर पुन्हा संजीवनी माची रायगडावर जाऊन बसेल.

तारखांचे दोन नियम आहेत. पहिला असा, की ‘डेट-मॉडिफाइड’ मजकूर खरोखर बदलला तेव्हाच बदलावी. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावाने बारा किल्ल्यांचा समूह जागतिक वारसा यादीत घेतला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. रायगड आणि राजगड हे दोन्ही या समूहात आहेत. त्यानंतर आम्ही पानात नवा परिच्छेद घातला आणि दुरुस्तीची तारीख बदलली, ती पानावरही दिसेल अशी लिहिली. नुसती तारीख पुढे ढकलत राहणे म्हणजे वाचकाला फसवणे आहे. दुसरा नियम लिहिण्याचा : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये जोडरेषा, वेळ द्यायची असेल तर ‘टी’ हे अक्षर, तास-मिनिटे आणि शेवटी भारतीय वेळेसाठी अधिक चिन्हासह ०५:३०.

पाचवी पायरी : किल्ल्याची नोंद, म्हणजे नावांचा गुंता सोडवणे

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. ‘रायगड’ हा शब्द किल्ल्याचेही नाव आहे आणि जिल्ह्याचेही. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ मध्ये हे नाव मिळाले. ‘सिंधुदुर्ग’ हाही किल्ला आणि जिल्हा दोन्ही आहे. रोमन लिपीत लिहिताना रायगड आणि राजगड यांत एकाच अक्षराचा फरक उरतो. शिवाय छत्तीसगडमध्ये रायगढ आहे, ओडिशात रायगडा आहे आणि मध्य प्रदेशात राजगढ आहे. स्पेलिंगची थोडी सैल सवय असली, की या सर्व जागा एकमेकींत मिसळतात.

किल्ल्याच्या नोंदीला ‘लँडमार्क्स-ऑर-हिस्टॉरिकल-बिल्डिंग्ज’ हा प्रकार द्यावा. पर्यटनाच्या दृष्टीने माहिती दिली असेल तर ‘टुरिस्ट-अट्रॅक्शन’ हा दुसरा प्रकारही चौकटी कंसात जोडता येतो. नाव ‘रायगड किल्ला’ असे लिहावे, नुसते ‘रायगड’ नव्हे. ‘अल्टरनेट-नेम’ मध्ये किल्ले रायगड, रायरी आणि रोमन लिपीतली प्रचलित रूपे द्यावीत. परदेशात वाढलेली मराठी मुले आजी-आजोबांकडून ऐकलेले नाव रोमन लिपीतच शोधतात, त्यामुळे ही रूपे वाया जात नाहीत.

त्यानंतर ‘डिसॲम्बिग्युएटिंग-डिस्क्रिप्शन’ हा गुणधर्म येतो. नावाचा गोंधळ दूर करणारे एक वाक्य लिहिण्यासाठीच तो केलेला आहे, तरीही तो वापरलेला क्वचितच दिसतो. आमचे वाक्य असे आहे : ‘महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातला, छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी असलेला डोंगरी किल्ला, पुणे जिल्ह्यातला राजगड किल्ला वेगळा.’ हेच वाक्य पानाच्या पहिल्या परिच्छेदातही जसेच्या तसे आहे, आणि तसे ते असायलाच हवे.

‘जिओ’ खाली अक्षांश आणि रेखांश द्यावेत. रायगड साधारण १८.२३ उत्तर आणि ७३.४४ पूर्व येथे आहे, तर राजगड १८.२५ आणि ७३.६८ येथे. अक्षांश जवळजवळ एकच असले, तरी रेखांशातल्या फरकामुळे दोन्ही गडांत सुमारे २५ किलोमीटरचे हवाई अंतर पडते आणि नावे कितीही सारखी असली तरी जागा एक होऊ शकत नाही. ‘एलिव्हेशन’ मध्ये सुमारे ८२० मीटर ही उंची लिहिता येते. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पायथ्यापासूनची उंची यांत घोटाळा होऊ नये म्हणून पानावरच्या वाक्यात ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द अवश्य घालावा. ‘कंटेन्ड-इन-प्लेस’ मध्ये महाड तालुका, त्याच्यावर रायगड जिल्हा आणि त्याच्यावर महाराष्ट्र अशी उतरंड द्यावी. किल्ला आणि जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका ओळीतून यंत्राला सर्वांत सरळ कळते.

शेवटी ‘सेम-ॲज’. विकिडाटा या मुक्त ज्ञानसंग्रहात प्रत्येक गोष्टीला क्यू या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक असतो. महाराष्ट्राचा ‘क्यू११९१’ आहे, मराठी भाषेचा ‘क्यू१५७१’. मराठी विकिपीडियावर किल्ल्याचा लेख उघडून साधनांच्या यादीतला विकिडाटाचा दुवा दाबला की किल्ल्याचा क्रमांक मिळतो. तो घेण्याआधी विकिडाटाच्या पानावरचे वर्णन वाचून ते किल्ल्याचेच आहे, जिल्ह्याचे नव्हे, याची खात्री करून घ्यावी. चुकीचा क्रमांक देण्यापेक्षा ‘सेम-ॲज’ रिकामे सोडणे बरे, कारण येथे आपण यंत्राला ‘ही आणि ती गोष्ट एकच’ असे छातीठोकपणे सांगत असतो.

प्रश्नोत्तरांविषयी थोडेसे

‘एफएक्यू-पेज’ लावला की एआय उत्तर उचलतो, असे सर्रास सांगितले जाते. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रश्नोत्तरांचे विशेष निकाल सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित संकेतस्थळांपुरते मर्यादित केले आणि पुढच्याच महिन्यात ‘हाऊ-टू’चे निकालही काढून टाकले. पानावर वाचकांचे खरे प्रश्न आणि त्यांची दिसणारी उत्तरे असतील, तर हा प्रकार लावायला हरकत नाही. प्रश्न मात्र लोक विचारतात तसे असावेत : ‘रायगड आणि राजगड एकच आहेत का?’, ‘रायगडाचे जुने नाव काय?’ स्कीमापुरते प्रश्न रचून ते पानावर लपवणे नियमांच्या विरुद्ध आहे आणि ते करू नये.

सहावी पायरी : कोड तुटते ते कोठे

मजकूर उत्तम असूनही स्कीमा वाचलाच जात नाही, असे घडते तेव्हा कारण बहुधा एखाद्या चिन्हात असते. जेसनला सरळ दुहेरी अवतरणचिन्हेच चालतात. वर्डमध्ये किंवा लेखनाच्या खिडकीत कोड टंकले, की ती चिन्हे आपोआप वळणदार होतात आणि सगळी नोंद निकामी ठरते. पडद्यावर दोन्ही चिन्हे जवळपास सारखी दिसत असल्याने चूक सापडायला आम्हाला एक संपूर्ण संध्याकाळ लागली होती. कोड साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहावे. मूल्याच्या आत अवतरण हवे असेल, तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी. यादीतल्या शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम ठेवू नये.

दुसरी चूक मराठी लेखकांचीच म्हणावी अशी आहे. कळफलक मराठीवर असताना तारीख आणि अक्षांश-रेखांश देवनागरी अंकांत टंकले जातात. पानावर ‘१६७४’ लिहिणे सर्वथा योग्य आहे आणि वाचकासाठी ते तसेच लिहावे. पण स्कीमातली तारीख, अक्षांश, रेखांश आणि किंमत हे आकडे इंग्रजी अंकांतच (0 ते 9) असले पाहिजेत, नाहीतर ती तारीख तारीख म्हणून ओळखली जात नाही. तारखा आपोआप मराठी अंकांत दाखवणारे प्लगइन लावले असेल, तर ते स्कीमातल्या तारखाही बदलत नाही ना, हे पाहावे.

तिसरी गोष्ट दुबार नोंदींची. योस्ट किंवा रँक मॅथ यांसारखे प्लगइन स्वतःच स्कीमा तयार करतात. त्यावर आपण हाताने दुसरा जोडला, की एकाच पानावर दोन लेखक आणि दोन तारखा होतात. एकतर प्लगइनच्या स्कीमातच भर घालावी, नाहीतर त्या पानापुरता तो बंद करून आपला ठेवावा.

आणि स्कीमा सर्व्हरकडून येणाऱ्या मूळ पानातच असावा. टॅग मॅनेजरमधून जावास्क्रिप्टने नंतर भरलेला स्कीमा गूगलला दिसतो, पण अनेक एआय बॉट जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू पेज सोर्स’ उघडून आपली स्क्रिप्ट तेथे सापडते का, ते शोधावे. ‘इन्स्पेक्ट’ मध्ये दिसणे पुरेसे नाही.

तपासणी आणि त्यानंतरची देखरेख

स्कीमा.ऑर्गचा ‘स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर’ सर्व प्रकार तपासतो, तर गूगलची ‘रिच रिझल्ट्स टेस्ट’ गूगल ज्यांना विशेष निकाल देते तेवढेच पाहते. किल्ल्याची नोंद दुसऱ्या साधनात दिसली नाही म्हणून घाबरून जाऊ नये. पहिल्यात ती निर्दोष असली म्हणजे झाले. ही दोन्ही साधने व्याकरण तपासतात, खरेपणा तपासत नाहीत. म्हणून शेवटी स्कीमातली प्रत्येक ओळ वाचून ‘हे पानावर वाचकाला दिसते का?’ असे स्वतःला विचारावे आणि जे दिसत नाही ते एकतर पानावर लिहावे किंवा स्कीमातून काढावे.

त्यानंतर साइटमॅपमधली, म्हणजे संकेतस्थळाच्या पानांच्या यादीतली, ‘लास्टमॉड’ (शेवटच्या बदलाची) तारीख बदलावी आणि बिंगला बदल लगेच कळवणाऱ्या इंडेक्सनाऊची सोय असेल तर तीही वापरावी. सर्व्हरच्या नोंदींत ओएआय-सर्चबॉट, पर्प्लेक्सिटीबॉट, बिंगबॉट यांची नावे शोधली, की पान पुन्हा वाचले गेले का ते कळते. चॅटजीपीटीतून येणाऱ्या वाचकांच्या दुव्याला बहुधा ‘यूटीएम-सोर्स’ची खूण जोडलेली असते, त्यामुळे ॲनालिटिक्समध्ये त्यांची भेट वेगळी मोजता येते.

पंधरा-वीस प्रश्नांची एक वही ठेवावी आणि महिन्यातून एकदा तेच प्रश्न दोन-तीन सहाय्यकांना विचारावेत : काही शुद्ध मराठीत, काही रोमन लिपीतल्या मराठीत, काही इंग्रजीत. उत्तर काय आले, आधार कोणाचा दिला आणि दिलेले विधान त्या पानावर खरोखर आहे का, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. उत्तरे दर वेळी थोडी बदलतात, म्हणून एकाच उत्तरावरून निष्कर्ष काढू नये. चुकीचा आधार दिलेला आढळला, तर आधी आपल्या पानावरचे संबंधित वाक्य एकट्याने वाचून पाहावे. ते संदिग्ध असेल तर वाक्य बदलावे, त्यानुसार स्कीमा आणि दुरुस्तीची तारीख बदलावी, आणि सहाय्यकाच्या उत्तराखाली दिलेल्या अभिप्रायाच्या बटणातून योग्य वाक्य आणि त्याचा दुवा कळवावा. आमच्या वहीतला पहिला प्रश्न ‘संजीवनी माची कोणत्या किल्ल्यावर आहे?’ हा आहे, आणि तो दर महिन्याला तिन्ही प्रकारे विचारला जातो.